गवत्या सोडू द्यायचा की नाही? (मामा तलाव आणि गावठी मासोळ्या)

तलावपाळी विचारतो:

राम राम मंडळी.

गोंदिया जिल्हा, सडक अर्जुनी तालुका. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आमच्या संस्थेतली दोन-चार माणसं इथं वाचत असतात. जातीनं ढिवर. मी स्वतः जाळं टाकत नाही, पंचायतीत कॉम्प्युटरवर बसतो. पण आजा, बाबा सगळे पाण्यातलेच, आणि आई अजून टोपली घेऊन बाजारात बसते.

गावाला मामा तलाव आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोण्या काळी गावच्या मालगुजारानं बांधला, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाला. धानाला पाणी त्यातूनच, गुरं त्यातच, आणि मासोळीचा ठेका आमच्या सहकारी संस्थेकडे. दरवर्षी श्रावणाच्या आसपास रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणून सोडतात, उन्हाळ्यात मोठं जाळं ओढतात.

गेली तीन-चार वर्षं माल कमी निघतो आहे. सगळे म्हणतात, कचरा माजला. एका बाजूनं बेशरमीची झुडपं पाळीपासून (बांधापासून) आत घुसली आहेत, दुसऱ्या बाजूला पाण्याखाली लांब गवत आहे, त्यात जाळं अडकून फाटतं. मागच्या बैठकीत बीजवाल्यानं, म्हणजे माशांची पिल्लं विकणाऱ्यानं, सांगितलं, गवत्या (गवत खाणारा मासा, ग्रास कार्प) सोडा, दोन पावसाळ्यांत तलाव आरशासारखा दिसेल. सगळ्यांनी माना हलवल्या. शिवाय गाळ काढायला जेसीबी येणार म्हणतात, म्हणजे काठही सरळ होऊन जाईल.

मला यातलं काही कळत नाही, पण एका गोष्टीनं टोचणी लागली. मुलीला शाळेत ‘आपल्या तलावातील मासे’ असा तक्ता करायला सांगितला होता. तिनं चार चित्रं काढली. रोहू, कटला, सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि चौथा गोल्डफिश! मी हसलो. आई हसली नाही. ती चुलीजवळून एकेक नाव सांगत गेली आणि मी कॅलेंडरच्या मागं लिहीत गेलो. मरळ, मांगूर, सिंगी, वाम, काटवा, दाडक, बोटरी, शिंगाळा, चाचा... तेवीस नावं झाली. मग मी विचारलं, यातली या वर्षी तुझ्या टोपलीत किती आली? तिनं बोटं मोजली. सहा. त्यातही मांगूर एकदाच, आणि तोही शेताच्या बांधीत सापडलेला, तलावात नाही.

तर माझे प्रश्न.

गवत्या सोडणं बरोबर की चूक? चूक असेल तर बैठकीत काय सांगू? नुसतं “निसर्ग वाचवा” म्हटलं तर मला हाकलून देतील. बैठक महिनाअखेरीस आहे.

आणि दुसरं, या गावठी मासोळ्या परत आणायच्या तर त्यांचं बीज मिळतं कुठं? मी दोन ठिकाणी फोन केला. दोन्हीकडं रोहू-कटल्याचाच भाव सांगितला.

---

ठेकेदार_नाही_सभासद यांचं उत्तर:

भाऊ, कडू बोलतो, राग मानू नका. ठेक्याची रक्कम भरायची असते, बीजाचे पैसे द्यायचे असतात. तुमच्या काटव्या-बोटरीनं ते भरत नाहीत. व्यापारी गाडी घेऊन येतो तेव्हा किलोच्या वरचा रोहू मागतो, मूठभर बारीक मासोळीला हातही लावत नाही. मरळीला भाव आहे, मान्य. पण मरळ आमच्या बोटुकल्या खाते, म्हणून आम्ही तर ती दिसली की काढतोच.

गवत्या आम्ही सोडला आहे. दोन वर्षांत अंगानं चांगला भरतो. गवत कमी होतं हे खरं.

आजोबांच्या आठवणींवर संस्था चालत नाही. एवढंच.

---

काठावरच्या बाया यांचं उत्तर:

मी साकोलीकडची. बचत गटाची अध्यक्ष आहे, चौथी शिकली. बोलते मी, टाइप करते पोरगी. ती माझं बोलणं जरा सरळ करून लिहिते म्हणते. करू दे.

वरचे सभासद भाऊ खोटं बोलत नाहीत. गवत कमी होते म्हणाले, होतेच. पण कोणतं गवत, ते विचारा त्यांना. गवत्याले कवळं लागते. पाण्याखालचा चिला तो आधी खाईल. तो संपला की चौऱ्याची पानं ओढेल. बेशरमीले तो तोंड लावत नाही. जनावरंसुद्धा लावत नाहीत तिले. म्हणजे होईल काय? तुम्हाले जे ठेवायचं ते जाईल आणि काढायचं ते राहील. बैठकीत एवढं एकच वाक्य बोला. हे बुड्या माणसांले बी कळते, त्यांनी डोळ्यानं पाहिलं असते.

आता कचरा काऊन ठेवायचा, ते सांगते.

मासोळी अंडी कुठं घालते? रोहू-कटला आपल्या तलावात पोटुशी राहते, पण उभ्या पाण्यात तिची वीण होत नाही. तिले नदीचा पूर लागते. म्हणून तं दरसाल बीज विकत आणा. पण गावठी मासोळी तशी नाही. बारीक मासोळ्या गवताच्या पात्यावर अंडी चिकटवतात. मरळ गवतात जागा साफ करून अंडी घालते आणि नर राखण करत बसते. पिल्लं निघाली की लाल-लाल घोळका होते, पाण्यावर कुंकू सांडल्यावाणी दिसते, आणि खाली मायबाप फिरत राहतात. आमच्या सासऱ्याच्या वेळेस त्या घोळक्यावर जाळं टाकलं तं जातीत दंड होता. आता पोट्टे तिथंच गरी टाकतात, कारण मोठी मरळ तिथंच असते आणि पिल्लं वाचवाले ती गरीवर धावून येते. एक मरळ हाती लागते, शेकड्यानं पिल्लं उघडी पडतात, आणि दोन दिवसांत काटवा, बगळा, पाणकोंबडी सगळे मिळून साफ करतात.

मंग गवत म्हणजे मासोळीची बाळंतिणीची खोली होय. तुम्ही ती खोली पाडून अंगण साफ दिसते म्हणता.

आमच्या इकडं हे काम आमच्या डोक्यातून निघालं नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांची माणसं गावोगाव ढिवर म्हाताऱ्यांजवळ बसून विचारत, कोणती मासोळी कोणत्या गवतात राहते. त्यांनी आणि गावच्या लोकांनी काही तलावांत गवत लावून दाखवलं. आम्ही ते पाहून आलो आणि आपल्या तलावात केलं. पहिल्या वर्षी सपशेल फसलं. ते पण सांगते, नाही तं वाटेल लय सोपं आहे.

चैत-वैशाखात पाणी खाली गेलं तेव्हा आम्ही पंधरा-सोळा बाया बेशरम उपटाले लागलो. वरून कापून होत नाही, मुळासकट खणा लागते. पंजे सोलून निघाले. मंग तलावाचं पोट नांगरून घेतलं, पाऊस पडला की माती मऊ राहावी म्हणून. पहिल्या पावसानंतर दुसऱ्या गावच्या तलावातून चिला, गाद, चौरा उपटून ओल्या पोत्यात आणला आणि चिखलात लावला. धानाचा रोवणा करतो तसाच, मुठीनं. गाद म्हणजे ती कांद्याच्या पातीवाणी उभी राहते, तिच्या खाली बारीक कंद राहतात. चौऱ्याचं पान पाण्यावर तरंगते, कमळाहून लहान.

म्हशी येऊ नये म्हणून काड्या रोवून कुंपण केलं. काड्या कशाच्या? तिथंच उपटून टाकलेल्या बेशरमीच्या! फुकटच्या होत्या ना. श्रावणात पाहतो तं कुंपणाले पानं फुटली. भादव्यात फुलं आली. गाव हसलं आमच्यावर. नवरा अजून चिडवतो. आणि म्हशी आल्या त्या आल्याच, कुंपण ओलांडून सगळी गाद खाऊन गेल्या.

दुसऱ्या वर्षी बांबूच्या कामट्या लावल्या, बेशरम उपटून पाळीवर वाळवून जाळली, आणि म्हशीवाल्यांना एक बाजू मोकळी सोडून दिली. भांडून झालं नसतं. गवत लागलं. तिसऱ्या वर्षी टोपलीत फरक दिसाले लागला.

बीज कुठं मिळते विचारलं ना? नाही मिळत. लागत पण नाही. मासोळी स्वतः येते. मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडला, सांडव्यावरून पाणी नाल्यात गेलं, की खालून मासोळी त्या पाण्याच्या वासानं वर चढते. बांध्यांतून चढते, पाटातून चढते. मांगूर तं ओल्या गवतावरून सरपटत जाताना मी पाहिला आहे. तुमच्या आईले बांधीत सापडला तो असाच वाट चुकलेला. पण चढणीच्या टायमाले सगळं गाव सांडव्यावर उभं राहते, मच्छरदाणी लावून. पोटात अंडी असलेली मासोळी वर पोचण्याच्या आधी कढईत जाते. चव चांगली राहते, मी पण खाल्ली आहे. आम्ही ठरवलं, रोवणा आटपेपर्यंत सांडव्यावर जाळं लावायचं नाही. पहिल्या साली रात्री चोरून लावली लोकांनी. मंग दोन रात्री आम्ही बाया तिथं जाऊन बसलो, डबा घेऊन. तेवढ्यानं झालं.

आता पैशाचं. सभासद भाऊ म्हणतात ठेका भरत नाही. रोहूचे पैसे संस्थेले येतात, वर्षातून एकदा-दोनदा, वाटणी होते, माणसाच्या हातात येतात. त्यातले घरी किती पोचतात ते आपण बोलायचं नाही इथं. बारीक मासोळी बाई विकते, रोज थोडी. सागाच्या पानावर वाटे लावून. विकली नाही तं घरी शिजते, उरली तं सुकवते. तेल-मिठाचं त्यातून होते. संस्थेच्या वहीत हा पैसा लिहिलेला नाही, म्हणून तो नाही असं कोणाले वाटते. तुमच्या बैठकीत बाया किती असतात, ते आधी पाहा.

रोहू टाकू नका असं मी म्हणत नाही. आम्ही पण टाकतो. गवत्या नाही टाकत, चिलापी नाही टाकत.

---

तलावपाळी:

ताई, कुंपणाची गोष्ट आईला वाचून दाखवली, ती पोट धरून हसली. मग म्हणाली, “बाई खरी आहे.” आमच्या बैठकीत बाया शून्य असतात. सभासदच नाहीत, सगळ्यांचे नवरे आहेत.

मरळ बोटुकल्या खाते हा मुद्दा मात्र बैठकीत येणारच. त्याला काय उत्तर द्यायचं?

---

प्राणिशास्त्र_नागपूर यांचं उत्तर:

महाविद्यालयात शिकवतो. ताईंनी जे सांगितलं त्यात दुरुस्ती करण्यासारखं काही नाही, थोडी भर घालतो.

मरळीबद्दल. खाते, हे खरं. पण ती तोंडात मावेल तेवढंच खाते. नखाएवढं बीज आणून थेट तलावात ओतलं तर मरळच काय, काटवा आणि बगळेसुद्धा खातील. तेच बीज बोडीत (शेतातल्या छोट्या तळ्यात) किंवा काठावरच्या छोट्या खड्ड्यात काही महिने वाढवून, वीतभर झाल्यावर सोडलं तर बरंच वाचतं. संस्थेचं नुकसान मरळीमुळे कमी आणि घाईमुळे जास्त होतं. शिवाय बाजारात मरळीला भाव आहे, हे सभासद मित्रांनी स्वतःच मान्य केलं आहे!

गवत्या आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) हे दोन्ही पाहुणे १९५९ मध्ये भारतात आले, सायप्रिनसचं बँकॉकहून आणलेलं वाण १९५७ मध्ये, आणि मोझांबिक तिलापिया, म्हणजे चिलापी, त्याआधी १९५२ मध्ये. हेतू चांगला होता, उत्पादन वाढवायचं. रोहू-मृगळ तरी भारतीय. पण तेही मूळचे गंगेकडचे, आपल्या वैनगंगेचं पाणी जातं गोदावरीला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातींची वीण माणसाच्या हाती आणली. १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्यामुळेच. त्यानंतर देशभरच्या तलावांत तेच ते पाच-सहा मासे पोचले. ‘मासे’ म्हटलं की तुमच्या मुलीला तेच आठवणं स्वाभाविक आहे. गोल्डफिश मात्र तिची स्वतःची भर.

मांगूर जपून ओळखा. गावठी मांगूर आंतरराष्ट्रीय लाल यादीत धोक्यातल्या जातींमध्ये आहे. बाजारात ‘मांगूर’ म्हणून विकला जाणारा मोठा मासा पुष्कळदा आफ्रिकी असतो, त्याला लोक थाई मांगूर म्हणतात. त्याच्या पालनावर केंद्रानं २००० मध्येच बंदी घातली आहे. तरी चोरून पाळतात. तो खादाड, झपाट्यानं वाढतो, कित्येक किलोंचा होतो, आणि पुरात शेततळ्यातून निसटला तर गावठ्याच्या घरातच शिरतो. कोणी “मांगूरचं बीज आहे” म्हणून देऊ केलं तर घेऊ नका. शिवडा तुमच्या आईच्या यादीत दिसला नाही. मोठ्या तोंडाचा, लांब, अंगावर खवले नसलेला मासा, एके काळी वैनगंगेत हमखास मिळणारा. तोही लाल यादीत असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे. आईंना एकदा विचारा, तुमच्याकडे त्याला वेगळं नाव असेल.

नावांचीच मोठी अडचण आहे. दाडक, बोटरी ही नावं मी ऐकली आहेत, पण दहा कोसांवर तेच नाव दुसऱ्या माशाला लावतात. म्हणून कॅलेंडरच्या मागची ती यादी फेकू नका. प्रत्येक मासा आला की पांढऱ्या ताटलीत ठेवून, शेजारी पट्टी ठेवून, पर उलगडून फोटो काढा, आणि खाली आईनं सांगितलेलं नाव लिहा. कोणत्या महिन्यात, गवतात की उघड्या पाण्यात, कोणत्या जाळ्यात, हेही. एक वर्ष हे केलंत तर मी जाती ओळखून देतो. माझ्या विद्यार्थ्यांनाही काम होईल.

ही नोंद कागदावर नेण्याचा मार्गही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. तुम्ही पंचायतीतच बसता, कपाट उघडून पाहा. नोंदवही बहुधा असेल, आणि त्यात मासे अर्ध्या पानात आटोपलेले असतील.

पाणथळ म्हणून संरक्षण मिळेल का, असं कोणी विचारेल म्हणून सांगतो. २०१७ चे पाणथळ नियम सिंचनासाठी खास बांधलेल्या जलाशयांना लागू नाहीत. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जुना, कमळं, बदकं, सारस सगळं असलेला तलाव, पण कागदावर सिंचनाचा, म्हणून बाहेर. महाराष्ट्रात रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेलेलं गोड्या पाण्याचं ठिकाण नांदूर मधमेश्वर, आणि तेही गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळेच तयार झालेलं! असो. तुमचा तलाव वनजमिनीत येत असेल तर मात्र २००६ च्या वनहक्क कायद्यात पाण्यातल्या माशांवर सामूहिक हक्क मागता येतो. कलम ३ (१) (ड) वाचा.

---

उजनीकाठ यांचं उत्तर:

मी इंदापूरकडचा, भीमेचा माणूस. तुमच्या तलावाशी माझा संबंध नाही, पण चिलापीचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही.

भिगवणला या, हॉटेलच्या पाट्या बघा. चिलापी फ्राय, चिलापी रस्सा. पुण्या-मुंबईचे लोक उजनीचा खास मासा म्हणून खातात. आमच्या वडिलांनी धरण नवीन भरलं तेव्हाची मासेमारी पाहिली आहे. त्यांच्या तोंडी शिवडा, वाम, शिंगाळा, मरळ. आता सकाळी होडी काठाला लागली की क्रेटमध्ये वरपासून खालपर्यंत चिलापी. कधीतरी एखादी वाम आली तर ती घरी जाते, बाजारात नाही.

चिलापीची मादी अंडी तोंडात धरून फिरते. ताई म्हणाल्या तसं गवत तिला लागतच नाही. तोंडातच बाळंतपण, आणि वर्षातून अनेकदा. वर दुसऱ्यांची अंडी खायला मोकळी. थोड्याशा खाद्यावर ती शेकड्यानं पोरं काढते आणि मग गर्दीत सगळी तळहाताएवढीच राहतात. एकदा शिरली की निघत नाही. आता तर काचेच्या टाकीतला सकर मासासुद्धा जाळ्यात येतो. अंगावर पत्र्यासारखे खवले, खायच्या कामाचा नाही, आणि सोडवता सोडवता जाळं फाटतं. कुणीतरी घरातली टाकी धुतली आणि नदीत ओतली, त्याची किंमत आम्ही देतो.

आमच्याकडं दुसरा रोग वडाप जाळ्याचा. बारीक डोळ्यांच्या जाळ्यानं पिल्लंसुद्धा ओढून नेतात. बंदी आहे, छापे पडतात, जाळी जाळतात, आठ दिवसांनी पुन्हा सुरू. उजनी एवढी पसरलेली, बसणार कुठं राखणीला? तुमचा तलाव लहान आहे, पाळीवरून हाक मारली तर पलीकडं ऐकू जाते. तिथं डबा घेऊन बसता येतं.

---

ठेकेदार_नाही_सभासद:

बीज वीतभर करून सोडायचं हे पटलं. आमच्याकडं बोडी रिकामीच पडली आहे. बाकीचं बघू.

गाळाचं काय? जेसीबी नको म्हणता की काय?

---

काठावरच्या बाया:

जेसीबी येऊ द्या ना भाऊ. गाळ निघाला तं धानाले पाणी वाढते, आणि बांध्यांत टाकाले चांगली माती. पण त्याले कुठं खणायचं ते तुम्ही दाखवा. तो माणूस फेऱ्या मोजते, तलाव नाही मोजत. सोडून दिला तं काठापासून उभा कापत जाईल आणि घमेल्यावाणी करून ठेवेल. मधात, तुडमाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) समोर, खोल डोह करू द्या. उन्हाळ्यात मासोळी तिथंच जीव धरून राहते. काठ मात्र उतरता ठेवा, गुडघाभर पाण्याचा पट्टा मोठा पाहिजे. बारीक पिल्लं तिथंच वाढतात, ऊन लागते, गवत लागते. आणि नाला जिथं मिळते तिथं पाळ घालू नका, चढणीची वाट तीच होय.

आणि धानावर औषध मारून झालं की पंप तलावात धुऊ नका. हे सांगायचं राहिलं होतं. शिंगाडा लावणारे पण औषध मारतात, आमच्यातलेच लोक आहेत, त्यांच्यासंगं भांडण चालूच आहे अजून.

---

तलावपाळी:

काल बैठक झाली. लिहायला उशीर झाला, कारण बैठक रात्री साडेदहापर्यंत चालली आणि मग आई-बाबांचं वेगळं भांडण.

मी ताईंचं एकच वाक्य बोललो, गवत्या बेशरमीला तोंड लावत नाही. दोन मिनिटं कोणीच काही बोललं नाही. मग आमच्या इथले सगळ्यात म्हातारे, ज्यांना मी कधी बैठकीत बोलताना ऐकलं नव्हतं, ते म्हणाले, “हे तं मलेही माहीत होतं, कोणी विचारलंच नाही.” त्यावर बीजवाल्याचा भाचा (तो पण सभासद आहे) चिडून उठून गेला.

ठरलं ते असं. या वर्षी गवत्या नाही. पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी. नाल्याकडचा कोपरा जेसीबीला द्यायचा नाही. बोडीत बीज वाढवायचं हे मात्र लगेच मंजूर झालं, कारण त्यात पैसे वाचतात. सांडव्यावरच्या जाळ्याबद्दल ठराव झालेला नाही. “ते लोकांचं खाणं आहे” म्हणून विषय टाळला. बायांना सभासद करण्याचा मुद्दा मी काढला तेव्हा बाबांनीच मला खाली बसवलं. घरचं भांडण तेच.

सर, शिवड्याचं आईला विचारलं. मोठं तोंड, खवले नाहीत असं सांगितल्यावर ती एकदम म्हणाली, तो गेला, तुझ्या आजाबरोबरच गेला. यादीत चोवीसावं नाव लिहिलं आहे, पुढं रिकामी जागा ठेवली आहे. आणि नोंदवही सापडली. मासे अर्ध्या पानात नव्हते, चार ओळींत होते.

ताई, बेशरम उपटायला आठ बाया तयार आहेत, आई धरून. पण चिला आणि गाद आमच्याकडं फारच थोडी उरली आहे, आणि आहे तिथून उपटायला जीव होत नाही. तुमच्याकडून मिळेल का?

---

काठावरच्या बाया:

मिळेल. आता नको, आता उपटला तं वाटेतच वाळेल. दोन चांगले पाऊस पडू द्या, मंग फोन करा. नंबर पोरगी तुम्हाले वेगळा पाठवते. सकाळी लवकर या, बारदान्याची पोती आणा, प्लास्टिकची नको, आत गरम होते. पोती भिजवून ठेवा आणि त्याच दिवशी सांजच्या आत लावून टाका. मुळाले चिकटलेला चिखल धुऊ नका, त्यात गोगलगायी आणि बारीक अंडी राहतात, ती फुकट येतील तुमच्याकडं.

आईले संगं आणा.